गावाची वाळू

प्रिय सानिका, प्रिय निहार,

गेल्या रविवारी निहारने फ्रिस्कोहून मला फोनवर एका टूरचं पान पाठवलं. स्प्रिंग ब्रेकमध्ये तुम्ही सगळे न्यू मेक्सिकोला जाणार आहात, कॅरी शहरातून सानिकाही येणार आहे, हे मला त्यावरून कळलं. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की वाळवंटात गूढरीत्या नाहीशा झालेल्या लोकांच्या प्राचीन गावातून फेरफटका मारा. त्याखाली निहारचा प्रश्न होता, "आजी, यू गाइज लिव्ह्ड निअर देअर, राइट?"

हो, राहत होतो. पण ते वाक्य वाचल्याबरोबर मला एका माणसाचा आवाज ऐकू आला. "नाहीसं कोण झालं? कोणी सांगितलं?" तो माणूस आता नाही. तुमच्या आजोबांना आजकाल कालचंही आठवत नाही. म्हणजे तुम्ही त्या गावात पाऊल टाकण्याआधी हे सांगणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण तो माणूस इंग्रजीत नीट मावत नाही. आई-बाबा वाचून दाखवतील. अडलं तर फोन करा.

ऐंशीच्या दशकात आजोबांना तिथल्या लहान हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आम्ही त्या कोपऱ्यातल्या गावी गेलो. एक मोठा रस्ता, दोन पेट्रोल पंप, एक किराणा दुकान, आणि बाकी सगळं आभाळ. मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, तिथे मला करायला काही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दारात एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे राहिले. ऑगस्टच्या उन्हात त्यांच्या डोक्याला मफलर गुंडाळलेला होता. हातात ताकाचा जग होता.

"डॉक्टर मराठी आहेत असं ऐकलं," ते म्हणाले. "मी नागपूरचा. ताक प्या. मग सांगा, तुम्हाला टाइप करता येते काय?"

त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्याहून मोठी माणसं, अमेरिकन माणसं, पोस्टमास्तरसुद्धा. मला ते मास्तरीणबाई म्हणत आणि अहो-जाहो करत, पण ते आदराने होतं की चिडवण्यासाठी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काका शिक्षणाने इंजिनिअर. रस्त्यांच्या खात्यात मोजणीचं काम करताना एकदा दुपारी डबा खायला एका पडक्या भिंतीच्या सावलीत बसले. भिंतीच्या गिलाव्यावर कोणाच्या तरी बोटांचे ठसे होते. हजारएक वर्षांपूर्वी कुणी ओल्या मातीवर हात फिरवला होता, तो तसाच होता. काकांनी त्यानंतर काही दिवसांनी नोकरी सोडली, एक जुनी निळी व्हॅन घेतली आणि पाहुण्यांना ते गाव दाखवायला सुरुवात केली. नोकरी का सोडली असं विचारलं की सांगत, "सावली बरी होती ना."

अवशेष, खंडहर, रुइन्स असले शब्द त्यांना चालत नसत. ते त्याला 'गाव' म्हणत. "उद्या गावात जायचंय, पाच लोक आहेत." गावाचा बाहेरचा भाग कुणालाही बघता येई. आतल्या भागाला, जिथे भिंती अजून छातीइतक्या उभ्या होत्या, कुंपण होतं आणि फाटकाला कुलूप होतं. तिथल्या रेंजरने, म्हणजे त्या जागेच्या सरकारी राखणदाराने, विश्वासाने त्याची एक किल्ली काकांना दिली होती. काका देवाधर्माच्या वाटेला जाणारे नव्हते, पण जानवं घालत, आणि त्या जानव्याला ती किल्ली बांधलेली असे. फाटकाशी आलं की शर्टाच्या गळ्यात हात घालून ती बाहेर काढत. शिकागोच्या पाहुण्यांना तो एखादा विधी वाटे. ते फोटो काढत.

कुलूप काढलं तरी लगेच आत जायचं नाही. काका उंबऱ्यापाशी थांबत आणि मोठ्याने, मराठीत विचारत, "येऊ का?" मग थोडा वेळ उभे राहत. वारा असेल तर वारा ऐकू येई, नाहीतर काहीच नाही. मग आत जात. मी पहिल्यांदा विचारलं, "काका, उत्तर कोण देणार?"

"दुसऱ्याच्या घरी जाताना उत्तर येईल म्हणून विचारता काय तुम्ही? विचारायचं असते म्हणून विचारायचं."

आत गेल्यावर ते जवळजवळ काही सांगत नसत. पाहुणे पैसे देऊन आलेले, त्यांना ऐकायचं असे. एकदा एका बाईंनी विचारलं, "ही खोली कशासाठी होती?"

"आय डोन्ट नो," काका म्हणाले. "व्हॉट डू यू डू इन युवर रूम?"

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "वेल, मोस्टली आय वरी." काका खूश झाले. पुढे कितीतरी दिवस ती खोली दाखवताना ते म्हणत, "सम पीपल थिंक, दे वरीड हिअर."

माझं काम होतं फोन घेणं आणि माहितीपत्रक लिहिणं. मी मोठ्या हौसेने लिहिलं. गूढ, प्राचीन, विस्मृतीत गेलेले, काळाच्या पडद्याआड, सगळं. काकांनी व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेन्सिलीने रेघा मारायला लागले.

"काय लिहून राहिल्या तुम्ही हे? नाहीसे झालेले लोक? नाहीसं कोण झालं?"

"काका, सगळ्या पुस्तकांत आहे."

"परवा पाव कोणाकडे खाल्ला तुम्ही?"

तो पाव मी खाल्ला होता एका बाईंच्या अंगणात. गावापासून तासाभराच्या अंतरावर त्यांची वस्ती होती. त्या मातीच्या घुमटासारख्या भट्टीत पाव भाजत. काका पाहुण्यांना दुपारी तिथे नेत. वस्तीतले लोक म्हणजे त्या जुन्या गावात राहणाऱ्या माणसांचेच वंशज, पिढ्यांपूर्वी तिथून उठून इकडे येऊन राहिलेले. काका त्या बाईंना 'ताई' म्हणत. त्या काकांना 'इंजिनिअर' म्हणत आणि फारसं हसत नसत.

"ताईची माणसं घर बदलून राहिली," काका म्हणाले. "तुम्ही साताऱ्याहून इथे आल्या. साताऱ्याचे लोक लिहितात काय, मास्तरीणबाई गूढरीत्या नाहीशा झाल्या?"

शेवटी माहितीपत्रकात उरलं एवढंच: जुनं गाव चालत बघणे, ताजा पाव, ताक, टोपी आणावी. मला वाटलं, आता कोण येणार. पण लोक येत. ताक पिताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत. काका जिरे-मीठ घातलेला ग्लास प्रत्येकाच्या हातात देत आणि रिकामा झाल्याशिवाय व्हॅन सुरू करत नसत.

आता त्यांची सर्वांत विचित्र सवय सांगते. निघताना फाटकाबाहेर पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने बूट काढून तिथेच झटकायचे. बँकेचे मॅनेजर असोत, चर्चचे पाद्री असोत, एका पायावर उभं राहून बूट उलटा करायचाच. गावाची वाळू गावात राहिली पाहिजे. तरी थोडी व्हॅनमध्ये येईच. घरी आल्यावर काका लहान झाडूने व्हॅन झाडत आणि निघालेली वाळू एका डब्यात भरत. लोणी-बिस्किटांचा निळा, गोल, पत्र्याचा डबा होता तो. पुढच्या फेरीला तो बरोबर असे, आणि फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा तो भिंतीच्या कडेला रिकामा होई. मी म्हटलं, "काका, वाऱ्याने रोज पोतीच्या पोती वाळू इकडची तिकडे जाते."

"वाऱ्याला मी किल्ली दिली नाही," काका म्हणाले.

एका वर्षी आमच्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, सांगलीहून राहायला आल्या होत्या. नऊवारी, वर आजोबांचा स्वेटर आणि पायांत पांढरे स्नीकर्स. काकांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्या त्यांना भाऊ म्हणत, ते त्यांना मावशी. ताक आंबट झालं यावरून दोघे भांडत.

नवरात्रात शहरातल्या मराठी मंडळाचा एक गट गाव बघायला आला. डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या बायका, इंग्रजीत बोलणारी मुलं. दोन गाड्या आणि काकांची व्हॅन. सासूबाईही निघाल्या. काकांनी किल्ली काढली, "येऊ का?" विचारलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचं मराठी कळणारे लोक मागे उभे होते. मुलं खिदळली. सगळे आत गेले.

एका खोलीत जमिनीत बसवलेले दगड होते, एकाशेजारी एक, मधे खोलगट झालेले. त्यावर बायका मका दळत असत. काका सगळ्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेले. सासूबाई मागे राहिल्या. थोड्या वेळाने मी त्यांना बघायला परत आले, तेव्हा त्या दगडापुढे हात जोडून उभ्या होत्या. दगडावर हळदीची आणि कुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती, आणि वर चार अक्षता.

"आई, हे काय?"

"अगं, आज खंडेनवमी. घरी असते तर जात्याची, विळीची पूजा केली असती. इथं जातंच समोर दिसलं. किती वर्षांत कुणी हळदकुंकू लावलं नसेल त्याला."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की हे इथे चालत नाही असं मला सांगवेना. तेवढ्यात काका आले. मागोमाग मंडळाचे अध्यक्ष. काका दगडापाशी उकिडवे बसले. हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

"रुमाल ओला करून पुसून टाकू ना, काका," अध्यक्ष म्हणाले. "एवढं काय त्यात."

"पाणी लावलं तर रंग दगडात आत जाईल ना, बाप्पा. हळद उन्हाने उडेल. कुंकू नाही उडत."

"मग राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

सासूबाईंना तोवर कळून चुकलं होतं. त्यांनी पदर ओढून घेतला. "भाऊ, तुम्ही फाटकाशी विचारलंत की. मला वाटलं, सगळ्यांसाठी विचारलं."

काका उठले. "यायचं विचारलं, मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. "लावायचं नव्हतं विचारलं."

त्यांनी अक्षता तेवढ्या वेचून खिशात टाकल्या. फाटकाशी नेहमीसारखे सगळ्यांचे बूट झटकून घेतले. मग पाहुण्यांना गाड्यांत बसवून ते एकटेच चालत रेंजरच्या ऑफिसात गेले. रेंजरने काय विचारलं ते मला पुढे त्यानेच सांगितलं. त्याने विचारलं होतं, कोणी केलं? काका म्हणाले, "माझा ग्रुप. माझी किल्ली." आणि तिथेच शर्टाच्या गळ्यात हात घालून जानव्याची गाठ सोडायला लागले. रेंजर म्हणाला, अजून मी काही ठरवलेलं नाही. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली.

सासूबाईंचं नाव त्यांनी रेंजरला सांगितलं नाही, आणि मंडळात कुणी विचारलं तर "झालं काहीतरी" म्हणून विषय बदलत.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सासूबाईंना आणि मला व्हॅनमध्ये घालून ताईंकडे घेऊन गेले. "रेंजरचं काम कागदाचं," म्हणाले. "घर यांचं आहे. यांना सांगायला पाहिजे." ताई भट्टीतले निखारे बाजूला ओढत होत्या. सासूबाई बोलल्या, मी इंग्रजीत सांगितलं. खंडेनवमी, जातं, हळद. ताईंनी हातातलं काम थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या आजीकडे असाच दगड होता. तिला न विचारता कुणी त्याला काही लावलं असतं, तर तिने झाडूने मारलं असतं."

हे सासूबाईंना सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला म्हण, माझ्या सासूनंही तेच केलं असतं."

ताई हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या. एक पाव फडक्यात गुंडाळून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. परत येताना सासूबाईंना जरा हलकं वाटत होतं, पण काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "हसली म्हणून डाग गेला असं नाही, मावशी." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

किल्ली परत मिळाली नाही. हिवाळ्यात कळलं की आतल्या भागात यापुढे फक्त रेंजर स्वतः लोकांना नेणार. काकांनी जानवं काढून खुंटीला अडकवलं. "आता कशाला?" म्हणाले.

व्हॅन बंद पडली नाही. ते लोकांना ताईंकडे पावाला नेत, ताक पाजत, आणि मग एका उंच कड्यावर नेऊन तिथून खाली दिसणारं गाव दाखवत. कड्यावर ते 'येऊ का' विचारत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपण येत नाही ना आता. बघतो फक्त." पाहुण्यांना कड्यावरचा देखावा आवडे. काका मात्र गावाकडे पाठ करून ताकाचे ग्लास धूत बसत.

एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती. त्या खंडेनवमीच्या फेरीत व्हॅनमध्ये आलेली वाळू डब्यात तशीच होती. आत जायला मिळेना, म्हणून ती परत टाकता येईना. बाहेरच्या भागात टाका म्हटलं, तर म्हणाले, "शेजारच्याच्या घरी ठेवून यायची काय?" रेंजरच्या गटातून तिकीट काढून आत जा म्हटलं, तर म्हणाले, "तो चुकीचं सांगून राहिला तर मला राहवणार नाही. मग ते तिकीटही बंद." डबा व्हॅनमध्ये पुढच्या सीटखाली असे. वळणावर तो सरके तेव्हा आतली वाळू वाजे. काका दर वेळी ऐकत. मला ते बघवत नसे. घर उरलं नाही अशा माणसाच्या खिशात किल्ली वाजावी, तसं काहीतरी ते होतं, फक्त उलटं: इथे घर होतं, किल्ली नव्हती.

सासूबाई सांगलीला परत गेल्या. पत्रात आमची खुशाली विचारून झाली की शेवटी एक ओळ असे, "भाऊंचा डबा अजून गाडीतच आहे का?" मी लिही, आहे.

पुढे त्या पुन्हा आल्या तेव्हा विमानतळावरून घरी येताना त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की त्यांनी सांगलीत शेजारच्या शिक्षकांकडून इंग्रजीची तीन वाक्यं पाठ करून आणली आहेत. आम्ही दोघींनी रेंजरच्या फेरीचं तिकीट काढलं. काकांनी व्हॅन फाटकाशी आणून उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. सासूबाईंनी सीटखालून डबा काढला.

फाटक उघडलं. बाकीचे पाहुणे आत गेले. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या आणि व्हॅनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येऊ का?" मग थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग रेंजरकडे वळल्या, डबा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि पाठ केलेलं म्हणाल्या. "सर. धिस सँड इज फ्रॉम हिअर. मे आय पुट इट बॅक?"

रेंजरने डब्याकडे बघितलं, मग फाटकाबाहेरच्या निळ्या व्हॅनकडे. तो डबा त्याच्या ओळखीचा होता. "येस, मॅम," म्हणाला आणि भिंतीच्या कडेची जागा त्याने बोटाने दाखवली. काका जिथे टाकत, तीच. सासूबाईंनी वाकून वाळू ओतली. डबा उलटा करून बुडावर दोन-तीनदा टिचक्या मारल्या, आपण रवा काढताना मारतो तशा.

दळणाच्या खोलीत हळद उडाली होती. कुंकू होतं, फिकट, पण होतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातलेले होते.

बाहेर पडताना त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी माझा खांदा धरून एकेक स्नीकर काढला आणि झटकला. ते बघून रेंजरच्या गटातल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्यानेही बूट काढले.

काकांनी डबा हातात घेतला, आत बघितलं, कडेने बोट फिरवून बघितलं. झाकण लावलं. "झालं," म्हणाले. मग जग काढून ताक ओतलं. सासूबाई एक घोट पिऊन म्हणाल्या, "भाऊ, आंबट आहे." काका म्हणाले, "तुम्हाला सांगलीत कोणी चांगलं ताक देत नाही, म्हणून जीभ बिघडली तुमची." त्या दिवशी घरी येताना वळणांवर काही वाजलं नाही.

आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहायला आलो तेव्हा निरोप द्यायला काका ताकाचा जग आणि तो डबा घेऊन आले. "तुमच्या सासूबाईंचा आहे," म्हणाले, "त्यांनी रिकामा केला." त्यानंतर काही वर्षांनी काका तिथेच वारले. आजोबांना हॉस्पिटलातल्या जुन्या नर्सने फोन करून कळवलं.

तर सानिका, निहार, ती टूर कॅन्सल करू नका, जा. पावाची भट्टी अजून आहे. ताईंची नात पाव करते असं मागे कुणीतरी सांगितलं. गावाला कुंपण आहे, फाटक आहे. दगडावर कुंकू अजून आहे की नाही, ते मला माहीत नाही. तुम्ही बघून सांगा, दाराशी उभं राहून. निघताना बूट झटका, लोक बघत असले तरी.

निळा डबा माझ्याकडे आहे, चहाच्या डब्याशेजारी. त्यात मी आजवर काहीही भरलेलं नाही.

तुमची,
आजी